त्रेचाळिसावा मणी

नुकुसच्या क्षयरोग दवाखान्यात
माझी खोली सगळ्यात शेवटी, दोन दारांच्या आड.
तरीही धूळ येतेच. खारट,
समुद्र होता तिथून उठलेली.
सकाळी आधी खिडकीची चौकट पुसते,
मग सूक्ष्मदर्शक.

कुवानिश तोरेबायेव, वय एकावन्न, राहणार मोयनाक.
त्याच्या थुंकीतले जंतू सहा आठवड्यांनी दिसले,
पिवळट, खरबरीत,
शिळ्या नानच्या चुऱ्यासारखे.
बाटल्या दोन होत्या. एकीत नुसतं अन्न,
दुसरीत अन्न आणि स्ट्रेप्टोमायसिन.
दोन्हींत सारखेच वाढलेले,
जणू औषध म्हणजे मीठ, चवीपुरतं.

मग यंत्राने अक्षरं वाचली.

जंतूच्या आत रायबोसोम नावाचे शेकडो कारखाने.
निरोप येतो, प्रथिन विणलं जातं.
आणि जिथे निरोप वाचतात
अगदी तिथे टेकून बसलेलं एक प्रथिन, बाराव्या नंबरचं:
एकशे चोवीस मण्यांची माळ.
तिचं भावंड माझ्याही पेशीत आहे,
चेहरा ओळखू यावा इतकं सारखं.
अब्जावधी वर्षं तिला फारसं कुणी छेडलं नाही.
ज्यांनी छेडलं त्यातले बहुतेक
सांगायला उरले नाहीत.

त्रेचाळिसाव्या जागी लायसिन असतं.
कुवानिशच्या जंतूत आर्जिनिन निघालं.
फरक एका अक्षराचा, मात्रा चुकावी तेवढा.
मणी सख्खा नाही, चुलत.
अंगावरचा भार तोच, हात जरा वेगळे.
औषध आता तिथे येतं, चाचपतं,
आणि बूड टेकायला जागा न मिळाल्यासारखं
निघून जातं.

दुसरा एखादा मणी आला असता त्या जागी
तर औषध तेव्हाही हरलं असतं,
पण कारखाना फार काटेकोर झाला असता.
प्रत्येक शब्द दहादा तपासणारा,
एकही चूक न करणारा,
आणि म्हणून मागे पडणारा.
असेही जंतू पाहिलेत मी. बाटलीत बिचारे रेंगाळतात,
मग कुठेतरी दुसरंच एखादं प्रथिन थोडं ढिलं होतं
आणि गाडं पुन्हा चालू लागतं.
झालेली मोड ते दुरुस्त करत नाहीत.
मोडीला धरून बाकीचं बसवून घेतात.

कुवानिशला हे सांगितलं, जमेल तसं, मास्कच्या आडून.
त्याने विचारलं, "त्याला कळतं का, काय बदलायचं ते?"
नाही म्हटलं. काही कळत नाही.
चुका होत राहतात. कोटी मरतात.
उरतो तो शहाणा दिसतो.

तो हसला, मग बराच वेळ खोकला.

त्याचे वडील मोयनाकला मासे धरायचे.
पाणी मागे सरकलं, तेव्हा होड्या वाळूत राहिल्या.
आधी वाट पाहिली.
मग लोकांनी त्यांचे पत्रे कापून विकले.
कुवानिशने स्वतः कापलेत, गॅसच्या ज्योतीने,
आपल्याच होडीचेसुद्धा.
मी म्हटलं, जस्ताची टंचाई झाली की जंतूही असंच करतो,
रायबोसोममधली जस्त धरून बसलेली काही प्रथिनं बाजूला सारतो,
त्यांच्या जागी बिनजस्ताची बसवतो.
यावर तो काही बोलला नाही.
बोलायला नको होतं मी.

औषधं बदलली. नव्या गोळ्या, चार,
एकीने पाय बधिर होतात म्हणाला.
वॉर्डाच्या पायरीवर बसून तो दोर विणत असतो.
बापाने शिकवलेलीच गाठ,
फक्त डोळा मोठा ठेवतो आता,
कारण यात मासे नाहीत, खरबुजं टांगायची आहेत
हिवाळ्यासाठी, वाशाला.

काल एक जाळी मला दिली.
खोलीत आणता येत नाही ती, नियम आहे.
बाहेरच्या दाराच्या खिळ्याला लावून ठेवली.
संध्याकाळी घरी जाताना मोजलं:
एका ओळीत गाठी एकेचाळीस.
पुन्हा मोजलं, बेचाळीस आल्या.
वारा सुटला होता, जाळी हलत होती,
आणि पुढच्या नमुन्याची पेटी घेऊन
आयसुलू जिन्यावरून हाक मारत होती.