भोकं टाळून

रात्री पावणेदोनला अपडेट संपलं.
रीस्टार्ट करू का? विचारलं. हो म्हटलं.
आणि पडदा काळा.
डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ
लुकलुकत राहिली.

सकाळी नऊला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेलच्या काठाचं डिझाइन द्यायचंय:
दोन मोर, मधे कमळ, खाली म्हैसूरच्या हॉटेलचं नाव.
मोर आत आहेत, डिस्कवर, पिसासकट शाबूत.
दिसत नाहीत, एवढंच.

कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीन.
पुढचं दार उघडेना की हे परसातलं.
इथे चित्रं नाहीत, माउस नाही,
पासवर्ड टाइप करताना ठिपकासुद्धा उमटत नाही;
बोटांवर विश्वास ठेवायचा आणि एंटर मारायचं.

एलएसपीसीआय म्हणतं, कार्ड आहे.
आहेच. हात लावला तर चटका बसतोय.
एप्रिल आहे, सोलापूर आहे,
नळाची तोटीसुद्धा तापलीय.
एलएसमॉड म्हणतं, ड्रायव्हर नाही.
म्हणजे गाडी फलाटाला लागलीय, पाटी लावलीय,
आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही.
नूवो नावाचा एक बदली ड्रायव्हर होता, फुकटातला, सावकाश चालवणारा.
त्याला मीच मागच्या दिवाळीत काळ्या यादीत टाकला.
आता हाक मारली तर ढुंकून बघत नाही.

लॉग वाचत खाली खाली गेले.
एकशे बाराव्या ओळीत सापडलं:
या कर्नलचे हेडर्स मिळाले नाहीत, मॉड्यूल बांधलं नाही.
असं आहे तर.
कर्नल बदलला,
आणि शिपायाला कुणी कळवलंच नाही.

तेवढ्यात दारात गोवर्धन सुंचू,
उशी काखेत, गच्चीवर निघालेले,
हातात वारा घ्यायला जकार्डचं जुनं कार्ड.
बत्तीस वर्षं साखर पेठेत पंचिंग केलं त्यांनी,
आता कंप्युटर करतो ते; म्हणजे मी करते.
पांढरी अक्षरं बघत उभे राहिले.
"कुठलं कार्ड फाटलं गं अम्मा?"
फाटलं नाही काका. कार्डही चांगलं, मशीनही चांगलं.
"मग दोरी," ते म्हणाले.
"नवीन कार्ड घालायचं आणि दोरी जुन्या मापाची ठेवायची,
मग मोराची मान सरकतेच की.
एका टॉवेलात नाही, सगळ्या लॉटात सरकते."
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार,
लॉगपेक्षा कमी शब्दांत सांगितलं त्यांनी.

मोबाइलच्या नेटवर हेडर्स उतरवले.
सत्त्याण्णव टक्क्यांवर लाइट गेली,
यूपीएस मांजराच्या पिल्लासारखा ओरडायला लागला.
उतरले. मॉड्यूल बांधलं.
मॉडप्रोब म्हणालं: किल्ली नामंजूर.
सिक्युअर बूट! तो कोण, तर गेटवरचा वॉचमन,
घरच्या माणसाला ओळखपत्र मागणारा.
निळ्या पडद्यावर सही नोंदवली,
आठ आकडी पासवर्ड, दोनदा, चुकत.

तीन चाळीसला मोर आले.
इतक्या रात्री मला ते थोडे जाड वाटले,
रेझोल्यूशन नीट केल्यावर बारीक झाले.
काकांना दाखवायला वळले, तर ते कधीच वर गेलेले.
कार्ड टेबलावर विसरून.

त्याच्या पाठीवर बॉलपेनने
तिन्ही कमांड लिहून ठेवल्या, पुढच्या वेळेसाठी,
भोकं टाळून टाळून.
'हेडर्स'चा 'स' पलीकडे ढकलावा लागला.

दुसरा मॉनिटर अजून काळाच आहे.
त्याचं बघू उद्या.