उत्तरेची खिडकी

ओढा ओलांडायला एकच ओंडका आहे.
त्यावरून हत्यारांची पेटी नेताना
दरवेळी डेल्बर्ट म्हणतो, "आता पडतेस बघ."
अजून पडले नाही.

झोपडी तशी दीड खोलीची.
चेस्टनटचे वासे, कुऱ्हाडीने चौरसलेले,
कोपऱ्यांत एकमेकांत दात रोवून बसलेले.
माझ्या पणज्याचे घाव अजून मोजता येतात;
डावखुरा होता, घाव उलटे उतरलेत.
खिडकी त्याने ठेवलीच नव्हती.
दिवसभर डोंगरच बघायचा,
घरात आणखी कशाला डोंगर,
असं म्हणायचा म्हणे.

मग टेनेसीच्या या रानाचं राष्ट्रीय उद्यान झालं.
मक्याची शेतं गेली, माणसं खाली गावात गेली,
आणि ही आली, वर्डी लॅनिंग,
खेचरावर रंगाच्या ट्यूबा आणि पिठाचं पोतं लादून.
पहिल्याच आठवड्यात करवत घेऊन
उत्तरेची भिंत कापली,
चार वासे, आरपार.
ते ऐकून पणजा दोन दिवस जेवला नाही.
तिसऱ्या दिवशी चढून वर आला,
खिडकीपाशी उभा राहिला बराच वेळ,
आणि "चौकट वाकडी बसवलीय" एवढंच बोलून
स्वतःच ती नीट करून गेला.

आज मी ती चौकट उतरवली.
खालच्या फळीवर बोटभर जाड रंग.
एकतीस उन्हाळे ती इथेच कुंचला पुसायची.
पटाशीने कडेचा टवका काढला
तर आत थरांवर थर:
शेवाळी, गंजका, धुक्याचा जांभळट,
आणि सगळ्यांत खाली, लाकडाला बिलगून,
सायीसारखा पांढरा.

"बर्फ?" डेल्बर्टने विचारलं.
बर्फ कुठला? ती मे महिन्यात यायची,
पानं झडायच्या आत परत जायची.
हा चेस्टनटचा मोहर.
जूनअखेर समोरची अख्खी डोंगरधार पांढरी व्हायची,
आजी सांगायची.
मग झाडांना बुरशी लागली,
उभ्याउभ्या वाळली सगळी.
वरच्या थरांत तो पांढरा
मला पुन्हा कुठे सापडला नाही.

कचेरीने फॉर्म दिलाय. त्यात एक रकाना आहे:
'वास्तू कोणत्या सालातली दाखवायची?'
पणज्याचं साल लिहिलं तर खिडकी बुजवायची.
तिचं लिहिलं तर आढ्याची लोखंडी कडी उपरी ठरते,
जिला आजीचा पाळणा टांगला होता.
आणि बुजवायची म्हटली तरी
एवढं चेस्टनट आता आणू कुठून?

पेन्सिल कानामागे खोचली.
चौकट नसलेल्या भोकातून
एक गांधीलमाशी आत आली, फिरली, गेली.
समोर डोंगरधार, नुसती हिरवी.
डेल्बर्ट डबा उघडून हाका मारत होता.
मी पटाशी पुसली,
आणि पुसून झाल्यावर कळलं
की त्याच फळीवर पुसली.