चार पूर्णांक दोन

सकाळपासून देशभरचे पडदे निळे आहेत.
रेल्वे उभ्या, बँका गप्प,
ओउलूच्या इस्पितळात, म्हणे,
नर्सा औषधांची नावं फळ्यावर खडूनं लिहितायत.

आमची अणुभट्टी चालू आहे.
तिला बातम्या कळत नाहीत.

मी इथली सरकारी निरीक्षक.
माझ्या माघारी म्हणतात : कागदी घोडे नाचवणारी.
आज कागदच तेवढा उरलाय.
संगणक बंद पडल्यास दर वीस मिनिटांनी
माणसानं खाली जाऊन काटा वाचावा,
वाचून मगच लिहावं.
नोंद चुकली तर भट्टी थांबवावी.

"बाहेर उणे एकतीस आहे," विल्हो म्हणतो,
पाळीप्रमुख, मिशीला कॉफी.
"थांबलो तर अर्धा किनारा गारठेल.
तुझ्या कलमाला थंडी वाजते का गं?"
सवलत हेलसिंकीहून मिळाली असती,
पण फोन लागत नाही.
माझी आई त्याच किनाऱ्यावर राहते.
हे मी विल्होला सांगत नाही.

तीन चाळीसला वही चाळते.
पंपाच्या तेलाचा दाब :
४.२
४.२
४.२
ओन्नीचं अक्षर.
मागच्या पानावर त्याचा प्रत्येक आकडा
ऐंशी पायऱ्या चढून धापा टाकत आलेला.
हे तिन्ही बसून काढलेत, एका दमात, उबेत.

ओन्नी तेवीस वर्षांचा. त्याचे कान आधी लाल होतात.
"काटा रात्रभर हललाच नाही, कैसा."

आम्ही दोघं उतरतो.
पंपाची घरघर पोटात शिरते.
मी हातमोज्यानं काच पुसते, टॉर्च धरते.
चार पूर्णांक दोन.
तो श्वास सोडतो, जवळजवळ हसतो.

आकडा खरा होता.
नोंद खोटी होती.

वर येऊन मी दोन्ही लिहिते, खाली सही.
विल्हो वाद घालत नाही. वही उजेडात धरून
बराच वेळ बघतो; अक्षर त्यालाही वाचता येतं.
मग दांडे आत सरकतात,
आणि खाडीपलीकडचे दिवे
एकेक नाही, एकदम जातात.
आईकडं लाकडं असतील. बहुतेक.

भट्टी विझली तरी तिच्या पोटातली धग
दिवसचे दिवस जात नाही. पंप लागतोच.
डिझेल सुरू झालंय.

चारला दोन मिनिटं कमी.
ओन्नी पेन्सिलीला टोक काढतो
आणि कुणी न सांगता
जिन्याकडं जातो.