टाकून द्यावे

लेबलवरचं अक्षर माझंच आहे.
निळ्या शाईत, जरा घाईत:
टाकून द्यावे. मार्च, दोन हजार चार.
प्राध्यापक हेल्दुर निवृत्त झाले त्या आठवड्यात
मी सगळ्या खोक्यांवर हेच लिहिलं
आणि सगळी खोकी टाकलीसुद्धा,
एक सोडून.

ते का सोडलं, हे विचारायला लेलो दोनदा आली.
तिला वाटतं, मला काहीतरी दिसलं असणार.
कसलं दिसतंय, बाई.
डबा बिस्किटांचा होता, झाकणावर ताल्लिनचे मनोरे,
आणि रिकामा करून तो घरी न्यायचा बेत होता
बटणं ठेवायला.
मग राहिलं ते राहिलंच.

एकोणीस हिवाळे.
तार्तूच्या त्या तळघरात
उणे ऐंशीच्या फ्रीझरची घरघर मी एकटीच ऐकायची.
शुक्रवारी लाकडी उलथन्यानं बर्फ खरवडायची.
बाहेर एमायोगी नदी गोठायची, मोकळी व्हायची.
दोनदा वीज गेली. एकदा रात्रभर
कोरडा बर्फ भरत बसले, बोटं भाजून घेतली,
या डब्यासाठी नव्हे,
शेजारच्या खणातल्या कुणाच्या तरी महागड्या पेशींसाठी.

डब्यात चाळीस कुप्या. रेणू क्रमांक सव्वीस.
त्याच्यावर मेरिके नावाच्या पोरीनं प्रबंध लिहिला होता,
वाचला तिघांनी, त्यातला एक तिचा नवरा.
लुळ्या उंदरांचे पाय सरळ पडू लागले,
असं पान नव्वदवर आहे.
पण घोडं पेंड खायचं ते पाण्यात.
रेणू विरघळायचाच नाही.
तळाशी बसून राहायचा, हट्टी, पिठासारखा.
मेरिके कंटाळली, विल्यांदीच्या शाळेत
पोरांना रसायनशास्त्र शिकवू लागली.

लेलोनं तो विरघळवला.
कसा, ते सांगूनही मला उमगत नाही.
चरबीच्या थेंबात गुंडाळला म्हणते,
कुत्र्याला लोण्यातून कडू गोळी देतात तसा.
मग वकील आले. स्टॉकहोमचे पैसेवाले आले,
पायांचा आवाज न होणारे.
विद्यापीठ म्हणालं, शोध आमचा.
ते म्हणाले, जोखीम आमची.
एका स्वल्पविरामापायी
दोन वर्षं घोंगडं भिजत पडलं.
त्या दोन वर्षांत किती जण अंथरुणाला खिळले,
ते कुठल्याच करारात नाही.
डब्याचं कुणी नावही काढलं नाही.

आता बुधवारी आदो येतो,
सारेमा बेटावरून, पहाटेच्या बोटीनं.
तीस वर्षं त्याच बोटीचे दोर बांधले त्यानं,
आता बुटाची नाडी बांधता येत नाही.
सुई घेतो, खिडकीशी बसतो,
काळ्या पावावर मासा ठेवून खातो, हळूहळू,
अर्धा मांडीवर सांडतो.
सुईत सव्वीस नंबर आहे की नुसतं मिठाचं पाणी,
त्याला माहीत नाही.
डॉक्टरीणबाई ताकाला तूर लागू देत नाहीत,
कारण त्यांनाही माहीत नाही.
खरं काय ते एका पाकिटात आहे,
पाकीट कपाटात, किल्ली तिसऱ्याच गावी.

मी काचा धुते. मला कुणी काही सांगत नाही.

पण गेल्या बुधवारी, जिन्यापाशी,
माझ्या एप्रनची पाठची नाडी सुटलेली पाहून
आदो म्हणाला, थांबा.
मी थांबले. हातात चंबूंनी भरलेला ट्रे.
एकदा नाडी निसटली.
दुसऱ्यांदा निसटली, तो पुटपुटला काहीतरी,
बेटावरची शिवी असावी.
तिसऱ्यांदा बसली.
घट्ट. नावाड्याची गाठ.

औषधानं बांधली, की मिठाच्या पाण्यानं,
की नुसत्या हट्टानं,
सांगता येत नाही.
लेलोला मी हे बोलले नाही.
मोजमापात न आलेलं तिला चालत नाही
आणि ते बरोबरच आहे.

घरी गेले, एप्रन डोक्यावरूनच काढला,
गाठ तशीच ठेवून.
खुंटीला आहे. धुवायला टाकायचाय.

टाकेन पुढच्या आठवड्यात.