विचारल्याशिवाय

सातपूरच्या पतसंस्थेत रात्री दीडला
पॅच बसला, सर्व्हर पुन्हा उठला.
आता तो सांगितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही.

आधी टाकायचा.
प्रश्न पुरा व्हायच्या आत
निम्मं उत्तर शिजवून तयार;
अंदाज चुकलाच तर मुकाट्यानं ओतून द्यायचा.
पण भांडं कोमट राहायचं.
त्या कोमटपणावर कुणी तळहात ठेवला
की तिजोरी न उघडताच आतलं कळायचं.

आयटीआय सिग्नलपाशी बोडकेकाकांचंही तसंच होतं.
माझी स्कूटर वळली की दोन ग्लास भरलेले.
ज्या सकाळी मी एकटीच आले,
दुसरा चहा त्यांनी गटारात ओतला,
बोलले काही नाहीत.
फळीवर एक ओलं वर्तुळ राहिलं.
नणंदेला तेवढं पुरलं.

मग मीच त्यांना म्हटलं,
मागितल्याशिवाय भरत जाऊ नका.

सकाळी काउंटरवरून गायधनीबाई कडाडल्या :
"एक पासबुक छापायला एवढा वेळ?"
"आता सुरक्षित आहे, बाई."
"रांगेत तीस माणसं उभी आहेत."
दोन्ही खरं.

चिपमधली भेग बुजलेली नाही,
ती घडणीतलीच.
मी फक्त त्याची घाई काढून घेतली,
आणि घाई हेच तर त्याचं कसब होतं.

संध्याकाळी सिग्नलवरून वळले.
काकांनी पाहिलं. स्टोव्ह बंद, किटली हातात.
"किती?"

हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.
मला उत्तर द्यायला
वेळ लागला.