रुळांची रुंदी

नदीपाशी रुळांची रुंदी बदलते.
तुओवी काठीने दाखवते : इथवर आमचे, पुढे त्यांचे.
आमची गाडी पुढे जाऊच शकायची नाही.
मुलं जाऊ शकायची.

स्मारकात तिघं आहेत, ब्राँझची.
थोरलीची मूठ धाकट्याच्या कॉलरवर.
मधला कुठेतरी भलतीकडेच बघतोय.
"लघवीला लागली असणार त्याला," तुओवी म्हणते,
आणि पंचाऐंशीव्या वर्षी
तोंडावर हात ठेवून हसते.

तिघांच्याही गळ्यात दोरीला पाटी.
पाटीवर काहीच लिहिलेलं नाही.
येणारे-जाणारे अंगठा फिरवतात,
म्हणून तेवढाच भाग पिवळा, लखलखीत.

तिची पुठ्ठ्याची होती.
आकडा, नाव, गाव.
गाव पावसात फुगलं, नाव पुसट झालं,
आकडा राहिला. अजून पाठ आहे.
विचारलं तर सांगत नाही.
"तो माझा आहे."

पलीकडे उतरल्यावर आंघोळ घातली, केस भादरले.
रात्र जागून विणलेला स्वेटर
उवांसकट भट्टीत गेला.
भाऊ रेइनो दुसऱ्या रांगेत.
त्याचं नंतर, म्हणते.

लढाई संपली, वर आणखी एक उन्हाळा गेला,
तेव्हा तिला परत पाठवलं.
सहा वर्षांची, लोण्यावर वाढलेली, नवे बूट.
फलाटावर एक बाई पुढे आली,
काहीतरी बोलली.
तुओवीने, शिकवलं होतं तसं, गुडघे वाकवून
परक्या बाईला करतात तो नमस्कार केला. नीट. न अडखळता.
बाईने हातमोजा दातात धरला.
तोंड आठवत नाही, ती म्हणते,
हातमोजा आठवतो. करडा. एका बोटाला रफू.

तिच्या भाषेत आईला ऐती म्हणतात.
आमच्याकडे नुसतं आई, मी म्हटलं.
"मला तेवढंही येत नव्हतं."

ऐती गेली तेव्हा कॉफीच्या डब्यात वही निघाली,
दुधाच्या हिशेबाची.
मागच्या पानांवर पेन्सिलीने
पलीकडच्या भाषेतली वाक्यं,
कानाला लागली तशी लिहिलेली :
भूक लागली का.
थंडी वाजते का.
हे तुझं अंथरूण.
कुत्रा चावत नाही.
शेवटचं अर्धंच : मी तुझी
पुढचा शब्द तिला कुणी सांगितला नसेल,
किंवा सांगितला असेल आणि लिहवला नसेल.

"यातलं एकही कधी बोलली नाही माझ्याशी.
मी दोन महिन्यांत आमची भाषा शिकले.
तिचा अभ्यास फुकट गेला."

शाळेची सहल आली. टोप्या, डबे, एकाची नाकपुसणी.
एक मुलगा थेट विचारतो : मग भाऊ?
तिकडेच ठेवून घेतला त्यांनी. चांगली माणसं होती.
नाताळला कार्ड येतं, त्यांच्या भाषेत.
ती शब्दकोश घेऊन बसते.
मागच्या वर्षी आलं नाही.

पूल आता पायी ओलांडता येतो,
पासपोर्ट कुणी मागत नाही,
लोक पलीकडे चीज आणायला जातात.
तुओवी जात नाही.

दुपारचे तीन, आणि अंधारलंय.
"बस तीन वीसला," ती म्हणते,
काठी माझ्याकडे देते,
आणि दोन्ही हातांनी खांद्यांवरचा बर्फ झटकते.
थोरलीच्या नाही. धाकट्याच्याही नाही.