कडेवरच्याला तिकीट नाही

पहाटे पाच पन्नासला सड्याच्या फाटकाशी
मी एकतिसावी.
पाटीवर लिहिलंय : दिवसाला तीस माणसं.
फुलांचे दिवस आहेत, पाय जपून.
यादी गणपतीच्या आधीच भरली,
इम्तियाज होडेकर म्हणाला.
डोक्यावर वनखात्याची टोपी,
ओठावर अजून नीट न फुटलेली मिशी.
"मावशी, जागा नाही."

हे दोन शब्द माझे होते.
सव्वीस वर्षं लांजा डेपोत मी ते वाटले,
आडिवऱ्याच्या जत्रेला, शाळा सुटताना,
दाराच्या दांडीला लोंबणाऱ्या बोटांना.
म्हणणारीला फार हलके असतात.
ऐकायला आज मिळाले.

"उभ्यानं येईन," मी म्हटलं,
दुसऱ्यांचं वाक्य, पाठ झालेलं.
तो हसला.
"इथं सगळेच उभ्यानं, मावशी."

मग चिऱ्यांच्या गडग्यावर बसले.
काल रात्री वस्तीच्या गाडीनं आलेली,
तीच सव्वासहाला परत निघणार.
खाली समुद्र असावा, नुसता ऐकू येत होता.
धुक्यातून लोक मोबाइलचे उजेड धरून वर आले :
पुण्याचे नऊ जण एकसारख्या टोप्यांत,
कोल्हापूरचं जोडपं, भांडण अर्ध्यात सोडून आलेलं,
एक मास्तर, गळ्यात भिंग, हातात काठी.
इम्तियाज नावं वाचत होता.
मी मोजत होते.
कुणी सांगितलं नव्हतं,
पण माणसं दारातून आत जाताना दिसली
की माझं डोकं मोजतं,
लग्नात, देवळात, मयतीलासुद्धा.

एकोणतीस.

"कुहू देशमुख?
कुहू देशमुख आहेत का?"
एका बाईनं छातीवरच्या ओढणीची गाठ जरा सैल केली.
आत अकरा महिन्यांच्या कुहूताई
तोंड उघडं टाकून झोपलेल्या.

मी उठले.
"होडेकर, कडेवरच्याला तिकीट नाही.
तीन किलोमीटर जा नाहीतर तीनशे, नियम तोच."
"ही एसटी नव्हे, मावशी."
"बरं. मग तीसच का? चाळीस का नाहीत?"
त्यानं पाटीकडे पाहिलं, जणू उत्तर मागच्या बाजूला असेल.
"पायांमुळे. साठाच्या वर
सडा सोसत नाही, साहेब म्हणतात."
"मग पाय मोज."

तो खरंच वाकला.
बूट, सँडल, बूट,
मास्तरांच्या काठीपाशी अडखळला,
काठी सोडून दिली.
अठ्ठावन्न.
खालून गाडीचा हॉर्न आला, दोनदा.
माझ्यासाठी होता, ड्रायव्हर ओळखीचा.
इम्तियाजनं माझ्या चपलांकडे पाहिलं
आणि रजिस्टरच्या समासात लिहिलं :
मंदाकिनी शिवगण. पाय दोन.

वाट म्हणाल तर फार नाही, अडीच तासांची.
कातळावर बोटभर पाणी, पाण्यात दीपकाडी ताठ.
आणि सीतेची आसवं.
इतकी वर्षं खिडकीतून मी त्यांना
निळा डाग समजत होते, वळणावर पाठी पडणारा.
डाग नव्हे. मुगाएवढी तोंडं,
प्रत्येकात एक फिकट ठिपका.
मास्तरांनी न विचारता भिंग पुढे केलं.
मी बराच वेळ परत दिलं नाही.

कड्यापाशी कुहू जागी झाली,
खाली सोड म्हणून पाय झाडू लागली.
आईनं कोरडा कातळ बघून सोडली.
नुकतीच चालू लागलेली,
दोन्ही हात वर, कुणीतरी पैसे काढ म्हटल्यासारखे.

इम्तियाजनं माझ्याकडे पाहिलं.
मी आधीच एका धोंड्यावर बसले होते,
दोन्ही पाय वर घेऊन,
चपला पदराशी धरून.

ती चालली. पडली. चालली.
तेवढा वेळ सड्यावर साठच पाय होते,
त्यातले दोन फार लहान.

मग ती कडेवर गेली, मी पाय खाली टेकले,
आणि हात आपोआप वर गेला,
दोनदा ओढायला.
दोरी कुठे होती तिथं?
पण लोक चालू लागले.